चिलटांचे सर

मी उभं आयुष्य माणसांना जेवू घातलं आणि शेवटची काही वर्षं चिलटांना. चिलटांनी कमी कटकट केली. पण त्यांच्याबरोबर आमचे सर होते, त्यामुळे त्रास तेवढाच झाला.

केळं जास्त पिकलं की त्याच्याभोवती बारीक माश्या फिरतात, त्याच या. आपण फडका मारतो आणि केळं टाकून देतो. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोपासून चालत जाण्यासारख्या एका संस्थेत या चिलटांची प्रयोगशाळा होती आणि तिथे त्यांना ताजं जेवण मिळायचं. ते मी करायचे. मक्याचं पीठ, गूळ, पावात घालतात ते यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. मोठ्या टोपात शिजवायचं, बुरशी धरू नये म्हणून शेवटी एक उग्र वासाचं औषध घालायचं आणि गरम असतानाच काचेच्या छोट्या बाटल्यांत ओतायचं. थंड झालं की खरवसासारखं बसतं. त्यावर चिलटं सोडायची, वर कापसाचा बोळा लावायचा. झालं त्यांचं घर.

माझी चौथी झालेली. नवरा मोहन्याच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, मग काही वर्षांनी नवराही गेला. मी डबे केले, लग्नाच्या पंगतींना पोळ्या लाटल्या आणि शेवटी लेकीकडे उथळसरला राहायला आले. तिथे कोणीतरी सांगितलं, एका ठिकाणी स्वयंपाकाला बाई पाहिजे. मला वाटलं कॅन्टीन असेल. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "जेवणारे वीसएक हजार आहेत, पण खातात थोडंथोडं." मी पिशवी उचलून परत निघाले होते.

सर म्हणजे प्रयोगशाळेचे मुख्य. डोंबिवलीतलं जुनं घर, घरात सगळे शिकलेले, सगळे नोकरीवाले. उंच, वाळकुडे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मला सगळे मावशी म्हणायचे, तसे तेही म्हणायचे. आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं आणि त्यांच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस होते. मी चिलटं म्हटलं की ते म्हणत, "फळमाशी, मावशी." मी शेवटपर्यंत चिलटंच म्हटलं.

त्यांचा एक शब्द होता, "कशावरून?" कोणी काहीही बोललं की हा शब्द. मी म्हटलं, आज नळाला पाणी बारीक येतंय. कशावरून? मी म्हटलं, दूध नासलंय. कशावरून? एकदा मी म्हटलं, "सर, मला बरं वाटत नाहीये, घरी जाते." तर म्हणाले, "कशावरून?" मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ओशाळून म्हणाले, "नाही, जा, जा. पण ताप मोजलात का?" त्यांची बायको एकदा प्रयोगशाळेत आली होती. मी तिला विचारलं, घरीही असंच का. ती म्हणाली, "मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. मग ते स्वतःच शोधत बसतात. घर शांत राहतं."

माझा टोप उतरला की सर चमचा घेऊन हजर. ते औषध घालायच्या आधी चिलटांचं जेवण चाखायचे. रोज.

"गूळ वेगळा आहे आज."

"तोच दुकानदार, तीच ढेप."

"जरा खारट लागतोय."

"माश्यांनी तक्रार केली का?"

"त्यांना बोलता येत नाही म्हणून तर मी खातो."

एकदा दिल्लीहून कोट घातलेले पाहुणे आले होते. सरांनी त्यांच्याही हातात चमचा दिला. त्यांना वाटलं आपल्याकडचा काही गोड पदार्थ असेल. त्यांनी खाल्लं आणि छान आहे म्हणाले. मग सरांनी ते कोणासाठी आहे ते सांगितलं. मी विचारलं, अजून वाढू का. नको म्हणाले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक ब्रश असायचा, शाळेतली पोरं चित्राला वापरतात तसला, पण अगदी बारीक केसांचा. चिलटं म्हातारी झाली की त्यांना नीट चढता येत नाही. मग ती खाली पडतात आणि जेवणाला पाय चिकटून तिथेच मरतात. सरांना ते बघवायचं नाही. बोळा काढायचा, ब्रशाच्या टोकाने चिलट अलगद सोडवायचं, काचेवर ठेवायचं आणि म्हणायचं, "चल, जा." यांचा सगळा धंदा चिलटांवर. कापायची असली की सरळ कापायचे, हात हलायचा नाही. पण चिकटलेलं दिसलं की यांचा जीव खालीवर. वर माझ्याकडे बघून म्हणायचे, "मावशी, चायना ग्रास कमी पडलंय. मऊ झालंय." म्हणजे दोष माझ्या हाताला. मी किती पंगती उठवल्यात, कोणी माझ्या जेवणात अडकून मेलं नव्हतं.

हे ते सकाळी करायचे, मुलं यायच्या आधी. मी लवकर जायचे म्हणून मला दिसायचं. पण मुलांनीही पाहिलेलं होतं, साफसफाईवाल्यानेही पाहिलेलं होतं. सरांची खोड म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

आणि तो फळा. प्रयोगशाळेच्या बाहेर, जिन्यासमोर एक फळा होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर त्यावर एक कागद लावायचे, स्वतःच्या अक्षरात. डाव्या बाजूला "प्रयोग", उजव्या बाजूला "माणसं". प्रयोगांमध्ये काय चाललंय आणि माणसांमध्ये काय चाललंय, दोन्ही एकाच सुरात. डावीकडे लिहिलेलं असायचं: "लाल डोळ्यांच्या माश्यांनी या महिन्यात अंडी घातली नाहीत. कारण माहीत नाही." उजवीकडे: "ऑफिसातल्या क्लार्कसाहेबांनी स्कूटर घेतली. ती त्यांना अजून येत नाही. जिन्याजवळ उभे राहू नये." लोक दुसऱ्या मजल्यावरून खाली यायचे वाचायला. कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचं, मग संस्थाभर.

माझी दाढ काढली तेव्हा त्यांनी लिहिलं: "मावशींची दाढ काढली आहे. त्या काही दिवस रागात असतील. नेहमीच्या रागाशी गल्लत करू नये." मी कागद काढून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ते म्हणाले, "यात खोटं काय आहे?" मी म्हटलं, "खोटं नाही म्हणूनच काढला." त्यांनी दुसरा कागद लिहून परत लावला. त्यात एक ओळ वाढली होती: "मावशींना हे आवडलेलं नाही."

आता दर्शनाबद्दल सांगते, कारण खरं नुकसान तिचं झालं.

दर्शना चेंदणी कोळीवाड्यातली. बाप खाडीत जायचा, आई बाजारात मासळी विकायला बसते. घरात कॉलेजला गेलेली ही पहिलीच. ती सरांकडे डॉक्टरकीला आली, म्हणजे औषधाची नव्हे, ती प्रबंध लिहून मिळते ती. हुशार पोरगी, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. तिच्या आईला कोणीतरी फळ्याचा फोटो दाखवला, त्यात सरांनी लिहिलं होतं: "दर्शनाला बघायला स्थळ आलं होतं. तिने नाही म्हटलं. अभिनंदन." आईला घरी वेगळंच सांगितलं होतं, मुलाकडून नकार आला म्हणून. तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. दर्शना दोन दिवस सरांशी बोलली नाही. सरांनी मला विचारलं, "हिला काय झालंय?"

तिचा प्रयोग मला तिनेच समजावला होता, मी ढवळत असताना. चिलट काही आठवडे जगतं. त्यातली जी जास्त जगतात त्यांचीच अंडी घ्यायची, त्यांच्या पोरांतली जी जास्त जगतात त्यांची घ्यायची, असं पिढ्यान्‌पिढ्या करत गेलं की पुढची चिलटं मुळातच दीर्घायुषी होतात का, ते बघायचं. शेजारी साधी चिलटंही ठेवायची, काहीही न निवडलेली. शेवटी दोघांची तुलना. तिने त्यात तीन वर्षं घातली. मेलेली चिलटं मोजायची, टिपायची, उरलेली ताज्या जेवणावर हलवायची. सण नाही, सुट्टी नाही. नारळी पौर्णिमेला सगळा कोळीवाडा नटलेला आणि ही बाटल्यांपुढे बसलेली.

निवडलेली चिलटं आणि साधी चिलटं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सरांनीच सांगितलं होतं की दोघांच्या बाटल्या लांब ठेवा. खोली एकच, एसी एकच. निवडलेल्या बाटल्या दाराजवळच्या टेबलावर आणि साध्या समोरच्या भिंतीवरच्या उंच फळीवर. तिथे पोहोचायला स्टुलावर चढावं लागायचं.

निवडलेली चिलटं जास्त जगली. खूपच जास्त. दर्शनाने ते लिहून परदेशातल्या एका मोठ्या मासिकाला पाठवलं, त्यांनी छापायचं कबूल केलं. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावणं पाठवलं. त्या महिन्यात फळ्याच्या दोन्ही बाजूंना तिचंच नाव होतं. तिच्या आईने सगळ्या मजल्याला पुरतील इतके बोंबील तळून आणले. सर शाकाहारी. त्यांनी डबा नाकाशी नेला आणि म्हणाले, "उत्तम झालेले दिसतायत."

"कशावरून?" दर्शनाची आई म्हणाली.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पोरीने घरी सगळं सांगितलेलं होतं.

त्यानंतर सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा त्यांना कधीपासूनच त्रास देत होता, जिना चढताना कठडा धरायचे. ते बरेच आठवडे घरी होते. मला आराम पडला, खरं सांगते. टोप उतरला की उतरला, चाखायला कोणी नाही.

पण त्याच आठवड्यांत दर्शनाची दाराजवळची चिलटं पटापट मरायला लागली. फळीवरची जितकी मरत होती तितकीच. ती घाबरली. आधी एसी तपासला, मग कापूस बदलला, मग माझ्यावर आली.

"मावशी, गूळ बदललात का?"

"नाही."

"पीठ?"

"नाही."

"काहीतरी बदललंच असेल ना, मावशी. आठवा ना नीट."

"तू समोर उभी राहा आणि बघ मी काय करते ते."

ती खरंच उभी राहिली. पीठ मोजून घ्यायला लावलं, गूळ मोजून घ्यायला लावला, ढवळताना बघत बसली. माझा हात भरून आला आणि डोकंही. मी तिला म्हटलं, "एवढा संशय असेल तर तूच शिजव." ती म्हणाली, "संशय नाही हो, टेन्शन आहे." आणि टोपाशेजारीच डोकं धरून बसली.

सर काठी टेकत परत आले ते एका सोमवारी. दर्शनाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नेहमीसारखं कशावरून म्हटलं नाही. काठी टेबलाला लावली आणि दाराजवळच्या बाटल्यांपुढे बसले. मी त्यांचा चहा घेऊन उभी होते. एका बाटलीत एक चिलट जेवणाला चिकटून पाय झाडत होतं. सरांचा हात खिशाकडे गेला, ब्रशावर आला, आणि तिथेच थांबला.

मी म्हटलं, "सर, चहा गार होतोय." त्यांनी वर उंच फळीकडे बघितलं, मग स्टुलाकडे, मग आपल्या गुडघ्याकडे.

"दर्शना," ते म्हणाले, "तुझ्या माश्यांना मी जगवत होतो."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी एकेक करून सांगितलं. ते रोज दाराजवळच्या बाटल्यांतली चिकटलेली चिलटं सोडवत होते. फळीवरच्या बाटल्यांपर्यंत त्यांना चढता येत नव्हतं, म्हणून तिथली मरत होती. ते इथे नव्हते तेव्हा दोन्हीकडे सारखी मरायला लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जास्त जगली म्हणून दर्शनाने ज्यांची अंडी घेतली, तीच मुळात यांच्या ब्रशामुळे जगली होती. म्हणजे पहिल्या पिढीपासून सगळं वाया.

दर्शना उभीच होती. ती म्हणाली, "सर, काही तर खरं असेल ना त्यात. थोडं तरी."

"असेल. किती ते सांगता येत नाही."

"मासिकात छापून येतंय सर. पुढच्या महिन्यात."

"त्यांना कळवावं लागेल."

"कोणाला कळणार आहे, सर?"

"आपल्या दोघांना."

"तिघांना," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

त्यांनी त्याच दिवशी मासिकाला लिहिलं. जर्मनीलाही लिहिलं. तिकडून उत्तर आलं, चार गोड वाक्यं आणि शेवटी, सध्या जागा नाही. पहिल्या शनिवारी फळ्यावर कागद लागला. डावीकडे: "दर्शनाच्या माश्या जास्त जगतात असं आपण सांगितलं होतं. ते खरं धरू नये. चिकटलेल्या माश्या मी सोडवत होतो." उजवीकडे: "यात दर्शनाची काहीही चूक नाही. हे वाक्य दोनदा वाचावं." त्या दिवशी त्या कागदाचा फोटो कोणी काढला नाही.

तिची आई आली. बाजारातून तशीच उठून आली होती, नऊवारी ओली, हातात मासळीची रिकामी पाटी. सरांच्या खोलीत गेली आणि पाटी टेबलावर ठेवली. आम्ही सगळे दाराशी.

"सर, मना यातलं काय कलत नाय. तुमीच लिवलंय, माझ्या पोरीची चूक नाय. लिवलंय ना?"

"हो."

"तं मंग शिक्षा तिला कशापाई?"

सरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

"तुमी गप ऱ्हायले असते तं माझी पोर जर्मनीला गेली असती. खरं का नाय?"

"खरं."

"तीन वर्सं तिनं सण पायला नाय. माझ्या भावाच्या पोराच्या हल्दीला आली नाय. त्या तुमच्या चिलटांपाई. आन तुमाला त्या चिलटांचा कलवला आला, माझ्या पोरीचा नाय आला?"

सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

ती थांबली. भांडायला आलेल्या माणसाला समोरून काहीच मिळालं नाही की त्याची पंचाईत होते. ती म्हणाली, "अवं, निदान भांडा तरी." तिने पाटी उचलली आणि गेली.

मी नंतर त्यांना सरळ विचारलं. मला आत काही ठेवता येत नाही. म्हटलं, "सर, मी असते तर गप्प बसले असते. तुमची नोकरी संपत आलीय, पोरीचं भलं झालं असतं, कोणाचं काय वाकडं झालं असतं?"

"म्हणून तुम्हाला विचारलं नाही, मावशी," ते म्हणाले आणि चमचा घेऊन टोपाकडे गेले. मी चमचा काढून घेतला.

मला त्यांचा राग आला होता तो त्यांनी खरं सांगितलं म्हणून नाही. एवढा शिकलेला माणूस, जगाला कशावरून विचारत फिरतो, आणि स्वतःच्या हाताला एकदाही विचारलं नाही, हा राग. माझी चौथी झालीय, मला नाही कळलं तर चालतं.

दर्शनाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरी कोणी असती तर सोडून गेली असती. तिने आधी सगळ्या बाटल्या एकत्र करून एकाच टेबलावर ठेवल्या, निवडलेली कुठली आणि साधी कुठली ते फक्त आकड्यांवरून कळेल असं केलं. मग सरांच्या खोलीत गेली आणि हात पुढे केला.

"ब्रश द्या, सर."

त्यांनी दिला. तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सर मधेच निवृत्त झाले. तरी ते रोज येत राहिले, आणि संचालकांच्या दाराबाहेर बसून राहिले, दर्शनाला खोली वापरू द्या म्हणून. ज्या माणसाने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं तो शिपायाला विचारायचा, साहेब आत आहेत का, मूड कसा आहे. शिपाई मला म्हणाला, "मावशी, तुमच्या सरांना सांगा ना, चहाच्या वेळेला तरी जाऊ नका." संचालक कंटाळले आणि हो म्हणाले. दर्शना संध्याकाळी शिकवण्या घ्यायची आणि सकाळी कधी कधी आईच्या शेजारी बाजारात बसायची. तिथून आली की बाहेर हात धुऊन यायची, तरी सर म्हणायचे, "आज सुरमई होती वाटतं." शाकाहारी माणसाला सुरमईचा वास कुठून ओळखता आला देव जाणे.

संचालकांकडून सुटले की सर बाटल्यांपुढे येऊन बसायचे. हात मांडीखाली घेऊन. मी कितीदा तरी ऐकलंय.

"दर्शना, सातव्या बाटलीत एक अडकलीय."

"बघितली, सर."

"अजून पाय हलवतेय."

"हो, सर."

"काही करायचं नाही?"

"नाही, सर."

मग ते उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. थोड्या वेळाने आत यायचे, बघायचे, आणि बसायचे. रडले वगैरे नाहीत. मला उगीच सांगायचे, जेवण मऊ झालंय. मी सांगायचे, जेवण बरोबर झालंय.

या वेळी पिढ्या कमी झाल्या, पण खरा फरक निघाला. निवडलेली चिलटं साध्या चिलटांपेक्षा जास्त जगली, थोडीच. आधी जो फरक गाजला होता, त्याच्या पासंगालाही हा पुरणारा नव्हता. मी दर्शनाला म्हटलं, एवढ्यासाठी एवढं? ती म्हणाली, "एवढंच आहे, मावशी. पण आहे." त्यावरच तिने प्रबंध लिहिला.

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी चहा घेऊन गेले आणि मागे उभी राहिले. सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाहेरून आलेला परीक्षक नागपूरचा निघाला, त्याने शेवटचा प्रश्न मराठीत विचारला. "मॅडम, पहिल्या वेळी जे बिघडलं ते या वेळी बिघडलं नाही, याची खात्री काय?"

दर्शना म्हणाली, "या वेळी सरांना हात लावू दिला नाही."

सगळी खोली हसली. सर पण हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर तिने पेढे वाटले. तिची आई कोपऱ्यात नव्या लुगड्यात उभी होती, सरांकडे न बघता. दर्शनाने आईच्या पायांना हात लावला. सरांच्या नाही लावला. त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "सर, माझी तीन वर्षं गेली."

"हो."

"परत मागत नाही. सांगून ठेवते."

"ठेव," ते म्हणाले.

ती प्रयोगशाळा आता दुसऱ्या कोणाकडे आहे. नव्या माणसांनी मला निरोपाचा नमस्कार केला, मीही केला आणि घरी बसले. माझे हात दुखतात. दर्शना कल्याणच्या एका कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"मावशी, मला कॉलेजने एक खोली दिलीय. माश्या ठेवल्यात. जेवण करायला याल का?"

"कल्याण लांब पडतं मला."

"आठवड्यातून दोनच दिवस. नुसतं मुलींना दाखवा, ढवळतील त्या."

"सर येतात का तिथे?"

"येतात की. बोलावलं नव्हतं, तरी डोंबिवलीहून रिक्षा करून येतात."

"मग मी येत नाही."

"अहो, त्यांना आत घेतच नाही मी. खुर्ची दाराबाहेर ठेवलीय."

"आणि बाहेर बसून काय करतात?"

"मुलींना हाका मारतात. अगं, ती बघ, अडकलीय, असं."

"दाराबाहेरून दिसतं त्यांना?"

"नाही दिसत," दर्शना म्हणाली. "पण कुठल्या ना कुठल्या बाटलीत एखादी अडकलेली असतेच ना, मावशी."

मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. टोप घेऊन आत जाताना त्यांची खुर्ची वाटेत येते. उठत नाहीत, नुसते गुडघे बाजूला घेतात.